'चालायला जाणाऱ्या बाईला छातीचा पट्टा कशाला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

हार्ट रेट मॉनिटर, म्हणजे व्यायाम करताना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र, कसा निवडावा यावरच्या माझ्या गेल्या लेखाखाली एका वाचकांनी मोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं, की मी पोलर एच१० या छातीच्या पट्ट्याच्या बॅटरीचा नंबर चुकीचा दिला, मिनिटाला कमाल किती ठोके पडतील ते काढायचं '२२० वजा वय' हे जुनाट सूत्र वापरलं आणि दंडाला बांधायच्या सेन्सरबद्दल अवाक्षर काढलं नाही, जो पट्ट्यासारखा काचत नाही आणि मनगटापेक्षा बरा चालतो. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, तुम्ही काही ऑलिंपिकला निघालेल्या नाही. सकाळी चालायला-पळायला जाणाऱ्या बाईला छातीला पट्टा बांधून करायचंय काय? हातातलं घड्याळ पुरे."

बॅटरीची चूक माझी. एच१० ला सीआर २०२५ लागते, मी २०३२ लिहिलं. माझ्याकडे गार्मिनचाही एक पट्टा आहे, त्याला २०३२ लागते, लिहिताना गल्लत झाली. दोन्ही बॅटऱ्या ३ व्होल्टच्या, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर. फरक जाडीत, एक २.५ मिलिमीटर आणि दुसरी ३.२. जाड बॅटरी कोंबली तर झाकण नीट बसत नाही आणि घाम आत शिरतो. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता त्या वाक्याकडे येते.

मला ताई म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या पळणाऱ्या ग्रुपमधली विशी-पंचविशीची पोरं मला ताईच म्हणतात आणि मला ते आवडतं. पण 'ताई' म्हणून पुढे 'करायचंय काय' विचारणं ही निराळी गोष्ट आहे. त्यात आपुलकी नाही, गप्प बसवणं आहे. दोन महिन्यांपूर्वी याच ठिकाणी माझ्या एका मित्राने घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, म्हणजे ट्रेनरवर, लिहिलं होतं. ट्रेनर पट्ट्याच्या कितीतरी पट महाग. त्याला कुणी "दादा, तुम्ही काही टूर द फ्रान्सला निघालेले नाही" असं ऐकवलं नाही. त्याला सगळ्यांनी मॉडेल विचारलं, किंमत विचारली. मला मात्र माझी पायरी दाखवली. मुद्दा पटला नसेल तर खुशाल खोडा, पण कुणी कशासाठी पळावं हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि 'घड्याळ पुरे' म्हणता ना, ते पुरलं नाही म्हणूनच पट्टा आला. मी ४४ व्या वर्षी पळायला लागले. पुढच्याच वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, २१ किलोमीटरच्या त्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून यायचं. सराव घाटातच. मनगटाला नवीन घड्याळ होतं, कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर पाहिलं तर ठोके १७४. वय ४५, म्हणजे त्या सूत्राप्रमाणे माझी कमाल १७५. धाप तर लागलेली नव्हती. शेजारच्या मैत्रिणीशी मुलीच्या दहावीबद्दल बोलत चालले होते. तरीही आकडा बघून पाय थिजले. थांबले, कठड्यावर बसले, उतरून घरी आले. पुढच्या खेपेला १७१, त्याच्या पुढच्या खेपेला १७३.

मग डॉक्टर, ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट. सगळं स्वच्छ. पण मनातली भीती जाईना. महिनाभर पळणं बंद. शर्यतीच्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, कपाटात होता आणि मी गॅलरीत.

यातून बाहेर काढलं ते आईने. आई निवृत्त नर्स, सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. ती म्हणाली, "माझ्यासमोर पळ." गल्लीच्या टोकापर्यंत आठ-दहा फेऱ्या मारल्या. दारात येऊन थांबले तेव्हा घड्याळात १७२ होते. तिने तीन बोटं मनगटावर ठेवली, स्वतःच्या घड्याळातल्या सेकंदकाट्याकडे बघत पंधरा सेकंद मोजलं. पस्तीस ठोके. म्हणजे १४०. "पोरी, तुझं यंत्र खोटं बोलतंय," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

नंतर कळलं की ते १७२ माझ्या पावलांचे होते. मिनिटाला साधारण तेवढीच पावलं टाकते मी. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ते ठोके मोजतं. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं, मनगटातलं रक्तही हिंदकळतं. पावलांची ही लय ठोक्यांच्या लयीपेक्षा ठळक झाली की घड्याळ तिलाच नाडी समजतं. आकडा वेडावाकडा उडाला असता तर शंका तरी आली असती. तो खऱ्यासारखा, स्थिर दिसतो. छातीचा पट्टा प्रकाशावर चालत नाही. ईसीजीसारखाच हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, त्याला पावलांशी देणंघेणं नाही.

तेव्हा सांगा, पट्ट्याची गरज कुणाला जास्त? ऑलिंपिकच्या खेळाडूला श्वासावरून कळतं आपण कुठे आहोत, शिवाय बाजूला प्रशिक्षक असतो. घाटात एकटी पळणारी पंचेचाळिशीची बाई आकड्यावर विश्वास ठेवते, कारण तिच्याजवळ दुसरं काही नसतं. तिलाच खोटा आकडा द्यायचा आणि वर म्हणायचं पुरे?

घरातल्या व्यायामाचं म्हणाल तर उलटा प्रकार. आमच्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर सायकल काढायची सोय नाही, मी ट्रेनरवर असते. हँडलवर मनगट वाकलेलं, मूठ आवळलेली. मागच्या श्रावणात एकदा दोन्ही लावून बसले होते: पट्टा १४६, घड्याळ १०४. माणूस घामाने निथळतोय आणि यंत्र म्हणतं अजून जोर लाव. बंद खोलीत पंखा नसेल तर तेवढ्याच जोराला चाळीसेक मिनिटांनी माझे ठोके दहा-बारांनी वर सरकतात, कारण अंग थंड करायला रक्त कातडीकडे धावतं. पंखा लावला की आकडा आटोक्यात राहतो. घड्याळाच्या भरवशावर हे कधी ध्यानातच आलं नसतं. जिममधल्या जुन्या ट्रेडमिललाही एच१० चा संकेत बऱ्याचदा मिळतो, कारण तो ब्लूटूथ आणि अँट प्लस या बिनतारी पद्धतींखेरीज जुन्या ५ किलोहर्ट्झवरही पाठवतो.

पट्टा कधीच चुकत नाही असं मी लेखात म्हटलं नव्हतं, आताही म्हणत नाही. डिसेंबरच्या कोरड्या पहाटे अंगाला घाम नसतो, टी-शर्ट फडफडतो, आणि पहिली पाच मिनिटं २०० च्या वरचे आकडे मीही पाहिले आहेत. म्हणून घरातून निघताना पट्ट्याच्या आतल्या दोन्ही रबरी पट्ट्या नळाखाली ओल्या करायच्या. घरी आल्यावर मधली सेन्सरची डबी काढून ठेवायची, ओल्या पट्ट्याला लागून राहिली तर ती चालूच राहते आणि बॅटरी खाते. पट्टा साध्या पाण्याने धुऊन टांगायचा. माझा न्हाणीघरातल्या खिळ्याला असतो, आत्ताही तिथेच आहे. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, असा प्रश्न मला पडला आहे.

२२० चं सूत्र ढोबळ आहे, हे मीच लिहिलं होतं. २००१ मध्ये टनाका या संशोधकांनी सुचवलेलं '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र वापरा हवं तर. माझ्या आजच्या ५३ वयाला पहिलं १६७ देतं, दुसरं १७१. माणसामाणसांतला फरक दहा-बारा ठोक्यांचा सहज असतो, त्यापुढे या चारांचं काय घेऊन बसायचं?

दंडाचा सेन्सर मी वापरलेला नाही, न वापरलेल्या वस्तूवर मी लिहीत नाही. पट्टा काचतो म्हणता, मला काचत नाही. मापाचा घ्या.

नाडी बोटांनी मोजायला मला आईने शिकवलं, आणि ज्यांना पट्टा परवडत नाही त्यांना मी आधी तेच शिकवते. थांबल्याबरोबर मोजायचं आणि पंधराच सेकंद मोजून चारने गुणायचं. पूर्ण मिनिट मोजत बसलं तर तेवढ्यात ठोके बरेच उतरलेले असतात. पण पळता पळता बोटं लावता येत नाहीत, आणि मला घाटाच्या चढावरचा आकडा हवा असतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मी माझ्या नावाने लिहिते, तुम्ही टोपणनावाने. पुढच्या वेळी नाव लिहा, आणि दंडाचा सेन्सर वापरत असाल तर तुमच्या पळण्याचे आकडेही लिहा. ते मी नक्की वाचेन.