आगळ पिऊन स्टेम सेल ‘जागे’ होत नाहीत
गेले कितीतरी दिवस वाडीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच मेसेज येतोय, की रोज उपाशीपोटी अर्धी वाटी कोकमाचं आगळ (मीठ घातलेला घट्ट रस) प्या, फ्री रॅडिकल (शरीरात बनणारे, जास्त झाले की पेशींना इजा करणारे कण) शून्य होतात, झोपलेले स्टेम सेल (नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) जागे होतात, गुडघे नवे होतात आणि शुगरची गोळी सुटते. आमच्याच परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं आहेत, सोलकढीशिवाय माझं जेवण होत नाही, तरी हे पटत नाही.

आधी ते ‘जागे होतात’ बघू. हाडांच्या मगजात रक्त बनवणारे स्टेम सेल बहुतेक वेळ झोपलेलेच असतात, तिथे ऑक्सिजनही कमी, आणि तसंच हवं. आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायची, त्यावर सकाळी चूल पेटायची, रात्रभर फुंकत बसली असती तर निखारा उरलाच नसता. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांत हेच बघितलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकलचा भार, वाढला की पी३८ नावाचं प्रथिन चालू होतं, स्टेम सेल झोप मोडून विभागत सुटतात आणि लवकर संपतात.

मग रॅडिकल शून्य केले तर? त्या उंदरांना अँटिऑक्सिडंट (रॅडिकल कमी करणारा पदार्थ) दिल्यावर स्टेम सेल जास्त टिकले, हे खरंय. पण २००९ मध्ये संशोधक उत्पल बॅनर्जींच्या लॅबमध्ये फळमाश्यांवर (पिकल्या फणसावर घोंगावतात तसल्याच) दिसलं की रक्तपेशी बनायच्या आधीच्या पेशींत थोडे रॅडिकल लागतातच, पुढे जायचा इशारा त्यांच्याकडूनच मिळतो, ते कमी केले की काम रखडतं. म्हणजे प्रमाण सांभाळायचं असतं, शून्य नाही करायचं. आणि माणसांत? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला.

आता ‘गुडघे नवे होतात’ बघू. गुडघ्याच्या कुर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती झिजली की सहज भरून येत नाही.

पण खरी काळजी मेसेजच्या शेवटच्या ओळीची आहे, शुगरची गोळी सुटते त्या. आगळात मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी रोज अर्धी वाटी पिऊ नका. आणि आमच्या वाडीतल्या एका काकींनी आगळ खारट लागतं म्हणून अमृतकोकम सुरू केलं आणि शुगरची गोळी थांबवली, अहो ते साखरेत मुरवलेलं असतं! घरात कोणी असं करत असेल तर आजच विचारा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू देऊ नका.