गच्चीवरचा चिवडा

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मेसेज पडला : 'बी विंगच्या गच्चीवर बिबट्या. कोणीही बाहेर पडू नये.' खाली फोटो. अंधुक, हललेला, पण ठिपके ठसठशीत. मी तो पाहिला आणि सवयीने आधी फ्रिजवर, मग माळ्यावर, मग कपाटाच्या डोक्यावर नजर टाकली. तिन्ही जागा रिकाम्या. दार किलकिलं. बाथरूमचा नळ मात्र वाहत होता. म्हणजे शंकाच नको, आमचाच.

नाशिकमध्ये बिबट्या हा थट्टेचा विषय नाही. निफाड-दिंडोरीकडच्या उसात माद्या पिल्लं घालतात, तोडणी लागली की ती उघड्यावर येतात, आणि एखादा वाट चुकलेला बिबट्या थेट गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत पोहोचतो. अशा गावात ठिपक्यांचं मांजर पाळणं म्हणजे श्रावणात मटणाची पिशवी हलवत देवळावरून जाणं.

पण पाळलं मी नाही. चिरंजीवांनी पुण्यात, दोन पगार मोजून आणलं. मग कंपनीने त्यांना परदेशी धाडलं. "बाबा, दोनच महिने." त्याला आता दोन वर्षं झाली. बोका घरात आला तेव्हा आमच्या हिने त्याच्या पिवळ्या अंगावरची काळपट फुलं पाहिली आणि म्हणाली, "अगंबाई, चिवड्यातलं खोबरं करपलंय." नाशिकच्या घरात नाव पडायला एवढं पुरतं.

जात बेंगाल. हे कळल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "मग मासेच लागत असतील" म्हणून हळहळ व्यक्त केली. बंगालशी याचा संबंध एवढाच, की याचा रानटी पूर्वज म्हणजे आशियाई बिबट मांजर, आणि त्याच्या शास्त्रीय नावात बंगाल आहे. जात घडली अमेरिकेत. जीन मिल नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियात बिबट मांजर आणि घरचं मांजर यांचा संकर केला, १९८०च्या दशकात तो नेटाने पुढे नेला. यातली खरी गंमत पुढेच आहे. १९८२ साली त्यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारा एक ठिपकेदार भटका बोका दाखवला गेला. तो अमेरिकेला गेला आणि या जातीच्या केसांत जी सोनेरी चमक आहे, ती त्याच्याकडून आली म्हणतात. म्हणजे आमच्या चिवड्याच्या पूर्वजांत दिल्लीचा एक रस्त्यावरचा बोका आहे, जो परदेशी जाऊन आला आणि आता आमच्याकडे एसीखाली झोपतो. आमचे चिरंजीव उलट दिशेने निघालेत, एवढंच.

दिसायला बिबट्या, वजन साडेपाच किलो. सामान्य मांजराला ठिपके किंवा पट्टे असतात; याच्या अंगावर मात्र बिबट्यासारखी आतून वेगळ्या रंगाची फुलं आहेत. चोवीस तासांतले बरेच तास इतर मांजरं झोपून काढतात, हा झोपतो तोसुद्धा आपल्याला पहाटे चारला उठवता यावं म्हणून. उंच चढणं, उडी, दबा, झडप आणि मधूनच पक्ष्यासारखी चिवचिव. रोज दोनदा दोरीला पीस बांधून पळवावं लागतं, नाहीतर तो पडद्याला पळवतो. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. चिवड्याने पळायला लावलं.

आणि पाणी. मांजरं पाण्याला भितात हे ज्याने सांगितलं, त्याला बेंगाल भेटला नसणार. सकाळी पाणी आलं की हा बादलीच्या कडेवर बसून पंजा बुडवतो. आता दांडीचा नळ दांडी खाली ढकलून स्वतः उघडतो. रामकुंडावर लोक बारा वर्षांनी शाहीस्नानाला येतात, आमच्याकडे ते रोज असतं. नळ बंद करणं मात्र त्याच्या जातीत नाही.

खाण्याचं विचारू नका. मांजर मांसाहारी, तेव्हा चिकन हवंच, पण कांदा-लसूण शिवायचा नाही. त्यातली द्रव्यं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथं हे पाळायचं! बारा महिने चातुर्मास आणि ताटात चिकन, असा हा विचित्र व्रतस्थ.

तर मी वर पळालो. जिन्यात काठ्या, टॉर्च आणि स्टीलची ताटं घेतलेली वीसेक माणसं उभी. (बाहेर पडू नका म्हटल्यावर नाशिककर बाहेर पडतोच.) मी घाबऱ्या आवाजात हाका मारत होतो, "चिवडा! चिवडा!" अंधारातून कुणीतरी म्हणालं, "काका, आत्ता कोण विकत घेणार?"

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पुढे जाऊ नका, पाच फुटी आहे." मी फोटो दाखवला. बिबट्याशेजारी तुळशीची कुंडी होती आणि तो तिच्याहून बुटका होता. काकांनी चष्मा पुसला, फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "मग पिल्लू असेल. आई जवळपासच असणार." गर्दी दोन पायऱ्या मागे सरली.

चिवडा टाकीवर बसला होता. हाका मारून येणारा तो नव्हेच. मी गच्चीचा नळ सोडला. तीन सेकंदांत तो खाली उतरला, धारेखाली डोकं धरलं आणि चिवचिवला. सगळ्यांच्या काठ्या एकदम जड झाल्या.

तोवर वनखात्याचा माणूस आलाच. बिचारा शांत होता. त्याने विचारलं, "जंगली बिबट मांजर नाही ना? ते पाळता येत नाही, कायदा आहे." मी रेबीजच्या लसीचं कार्ड काढलं आणि हा रानापासून चार पिढ्या लांबचा आहे, हे शपथेवर सांगितलं. त्याने वहीत लिहायला पेन काढला. "नाव?"

"चिवडा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पेन खिशात ठेवला.

साडेदहाला ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला : 'बिबट्या ३०२चा आहे, कोणी घाबरू नये. ३०२च्या बाथरूमचा नळ आठपासून चालू असल्याने बी विंगची टाकी रिकामी झाली आहे. पाणी आता सकाळीच.'