नाती नोंदवली, पण काळाचे काय?
सिमँटिक वेब म्हणजे यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने माहिती नोंदवलेले वेब. त्यामुळे संगणकाला मजकुराचा अर्थ कळू लागतो, हे या विषयावरील एका लेखातील विधान मला अर्धेच खरे वाटते. आरडीएफ या त्यासाठीच्या नोंदपद्धतीत प्रत्येक माहिती त्रिकुटात, म्हणजे एक वस्तू, तिचा संबंध आणि तो ज्याच्याशी आहे ते, अशा तीन भागांत मांडली जाते आणि त्यातील व्यक्ती, स्थळे व संबंध यांना स्वतंत्र ओळख असते. उदाहरणार्थ, विकिडेटा या खुल्या माहितीसंचात शास्त्रज्ञ मेरी क्युरी म्हणजे क्यू७१८६, वॉर्सा क्यू२७० आणि जन्मस्थान हा संबंध पी१९, त्यामुळे नाव कोणत्याही लिपीत लिहिले तरी घोटाळा होत नाही. ही सोय मोठीच आहे. मात्र वॉर्सा पोलंडमध्ये आहे, हे दुसरे त्रिकूट जोडून यंत्राने क्युरी यांचा जन्मदेश पोलंड ठरवला, तर तो निष्कर्ष नियमाला धरून असूनही अपुरा ठरतो, कारण १८६७ साली ते शहर रशियन साम्राज्यात होते. काळाची मर्यादा कोणीतरी वेगळी नोंदवावीच लागते, आणि हे किचकट काम (बहुधा विनामोबदला) कोण करणार, हा प्रश्न लेखात आलेलाच नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये रंगवलेले सिमँटिक वेबचे चित्र पूर्णपणे उतरले नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. त्या मानाने २०११ मध्ये शोधयंत्रांनी आणलेली स्कीमा डॉट ऑर्गची साधी शब्दावली (पानावरील माहिती कशाबद्दल आहे हे यंत्राला सांगणारे ठरावीक शब्द) रुळली, कारण ती वापरणाऱ्या संकेतस्थळाला शोधाच्या निकालांत त्याचा फायदा लगेच दिसतो.