चाकं अडकली म्हणून हवेतच इंजिन बंद करायचं? अजिबात नाही

‘छोट्या विमानाची चाकं उघडली नाहीत तर काय कराल’ अशा नावाचा एक पाच मुद्द्यांचा मेसेज चार दिवस फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता, पण काल तो ताईने पाठवला. तिचा मुलगा आत्ताच चाकं आत घेता येणाऱ्या विमानावर ट्रेनिंगला लागलाय आणि मेसेज वाचल्यापासून तिला झोप नाही. त्यावर कडी म्हणजे भाच्याचाच फोन, ‘मामा, ते प्रोपेलर वाचवायचं लिहिलंय ते खरंय का?’ म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा, ‘चाकं अडकली की वाचणं जवळपास अशक्य’. साफ खोटं. १३ मे २०२४ ला ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलहून पोर्ट मॅक्वारीला निघालेल्या बीचक्राफ्ट सुपर किंग एअरची चाकं अडकली होती. दोन इंजिनांचं छोटं विमान, पायलट धरून ३ माणसं. सुमारे तीन तास घिरट्या घालून पायलटने इंधन कमी केलं आणि न्यूकॅसललाच धावपट्टीवर पोटावर उतरवलं. व्हिडिओ आहे, ताईला तोच पाठवला. विमान पोटावर घसरत जातं आणि थांबतं, तिघंही आपल्या पायांनी बाहेर येतात.

आता दुसरा मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. ‘धावपट्टी दिसली की वरच इंजिन बंद करा, स्टार्टरचे झटके देऊन प्रोपेलर आडवा करा, म्हणजे पाती जमिनीला लागणार नाहीत आणि लाखोंचं इंजिन वाचेल.’ हे लिहिणाऱ्याने विमान उडवलेलं नाही किंवा उडवलं असेल तर नशिबाने वाचलाय. इंजिन बंद केलं म्हणून प्रोपेलर थांबत नाही, समोरच्या वाऱ्याने तो फिरतच राहतो. तो थांबवायचा तर वेग इतका कमी करावा लागतो की विमान स्टॉलच्या काठावर येतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरेनासे होतात, आणि ते कुठे, तर जमिनीजवळ, जिथे स्टॉल झाला तर सावरायला उंचीच नाही. वर पायलटचं लक्ष कुठे, तर स्टार्टरच्या बटणावर आणि प्रोपेलरच्या पात्यावर, वेगाच्या काट्यावर नाही. आणि अंदाज चुकला, धावपट्टीच्या आधीच खाली यायला लागला, तर पॉवर देऊन पुढे जायचा रस्ता त्याने स्वतःच बंद केलेला असतो. पोटावर उतरणं बहुतेक वेळा निभावून जातं, पण धावपट्टीच्या अलीकडे स्टॉल होऊन पडणं निभावत नाही. प्रोपेलर वाकला की इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं, खर्च मोठा असतो, मान्य. पण तो विमा कंपनीने बघायचा.

यात अर्धं खरं एवढंच की बऱ्याच विमानांच्या हँडबुकमध्ये, आता धावपट्टीवर पोचतोच अशी खात्री झाली की मिक्श्चरचा दांडा ओढून इंजिन बंद करा, इंधन आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करा असं असतं. ते आग टाळण्यासाठी आणि अगदी शेवटच्या क्षणी. हजार फुटांवर नव्हे.

तिसरा, ‘इंधन हवेत सोडून द्या’. छोट्या विमानात ती सोयच नसते. न्यूकॅसलवाल्याने तीन तास उगाच घिरट्या घातल्या का?

चौथा, पाण्यावर नाहीतर ‘मऊ’ मातीवर उतरा. का? धावपट्टीशेजारी अग्निशमनची गाडी आणि अँब्युलन्स उभी असते, पाण्यात बुडणारं विमान आणि पोहायची वेळ. आणि ‘मऊ’ मातीही नको, पोट रुतलं की विमान उलटू शकतं, कडक धावपट्टीवर ते सरळ घसरतं.

पाचवा, उतरण्याआधी धावपट्टीवर फोम, म्हणजे आग विझवायचा फेस, पसरा. २०११ ला वॉर्सात बोइंग ७६७ पोटावर उतरलं तेव्हा फोम टाकला होता, २३१ लोक होते आणि कोणालाही गंभीर इजा झाली नाही, हे खरंय. पण अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, धावपट्टीवर आधीच फोम पसरायची शिफारस १९८७ मध्येच मागे घेतलीये. अग्निशमनचा फोम खरी आग लागली तर हाताशी हवा.

आणि जे सगळ्यात आधी करायचं ते या पाचात कुठेच नाही. चाकं आत घेता येणाऱ्या जवळपास प्रत्येक विमानात ती उघडण्याची दुसरी सोय असते. पायपर अ‍ॅरो या छोट्या विमानात लिव्हर दाबून हायड्रॉलिक प्रेशर सोडलं की चाकं वजनाने खाली येतात, बोनान्झात पुढच्या सीटांच्या मागचं हँडल जवळपास पन्नास वेळा फिरवायचं. त्याच्याही आधी दिवे बघायचे, चाक खाली येऊन पक्कं बसलं की त्याचा हिरवा दिवा लागतो. मी शिकत असताना एकदा भर दुपारी चाकं खाली केली आणि तिन्ही हिरवे दिवे गायब. माझे हातपाय गार पडले. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, हात पुढे करून नॅव्हिगेशन लाइटचं (विमानाच्या बाहेरच्या दिव्यांचं) बटण तेवढं फिरवून बंद केलं आणि तिन्ही हिरवे लखलखीत. ते लाइट चालू असले की त्या विमानात हिरवे दिवे आपोआप मंद होतात आणि उन्हात दिसतच नाहीत. एकच दिवा लागत नसेल तर शेजारचा चालू बल्ब काढून तिथे लावून बघायचा, बऱ्याचदा बल्बच गेलेला असतो. भाच्याला म्हटलं, उद्या जमिनीवर उभ्या विमानात बस, डोळे मिटून चाकं खाली सोडायचा तो लिव्हर हाताला लागतो का बघ आणि मला फोन कर.