चप्पल, चमचा आणि काढा: फिटबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर मामींनी टाकला, सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त सरांनी टाकला, शाळेच्या बॅचमध्ये फिरला. शेवटी एका मैत्रिणीने तो खास मला पाठवला, 'तुझ्या उपयोगाचं आहे गं' असं लिहून. मेसेज असा:

'फिट आलेल्या माणसाला ताबडतोब चप्पल किंवा कापलेला कांदा हुंगवा. हातात किल्ली किंवा लोखंड द्या. जीभ गिळली जाऊ नये म्हणून तोंडात चमचा घाला, हातपाय घट्ट दाबून धरा. लगेच पाणी पाजा. हा मेंदूच्या कमकुवतपणाचा आजार आहे, अशा माणसाने घरीच बसावे. मुलीला असल्यास लग्न जमवताना सांगू नका, लग्नानंतर आपोआप जातो. इंग्रजी गोळ्या आयुष्यभर गुलाम करतात, त्या बंद करून २१ दिवस खालील काढा घ्या. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.'

मैत्रिणीने तो मला पाठवला कारण मला चौदाव्या वर्षापासून फिट येते. आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि कराडला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. पाठवणाऱ्या चौघांच्याही मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याची किंमत मी किंवा माझ्या ओळखीतल्या कुणीतरी मोजली आहे. म्हणून उत्तर ओळीने देते.

'चप्पल किंवा कांदा हुंगवा'

ही समजूत टिकून आहे, कारण लोकांनी ती 'चालताना' पाहिलेली असते. माणूस पडला, अंग ताठ झालं, झटके सुरू झाले, कुणीतरी ओरडलं 'चप्पल आणा', चप्पल आली, नाकाशी धरली आणि थोड्या वेळात झटके थांबले. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण त्या वेळी घड्याळ कुणीच पाहिलेलं नसतं. मोठ्या फिटमध्ये मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी बेताल विद्युतसंदेश सोडू लागतात आणि बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत मेंदू आपला आपणच ते आवरतो. गर्दीतून वाट काढून, चप्पल हुडकून, ती नाकापर्यंत न्यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. श्रेय चप्पल घेऊन जाते.

माझी पुतणी नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्यासमोर मला दोनदा फिट आली. वहिनीने तिला एकच काम शिकवून ठेवलं होतं: आत्याला काही झालं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. पहिल्यांदा तिने एक मिनिट चाळीस सेकंद मोजले, दुसऱ्यांदा दोन मिनिटं दहा सेकंद. दोन्ही वेळा चप्पल नव्हती, कांदा नव्हता, आणि झटके थांबले. त्या पोरीने मोजलेले आकडे डॉक्टरांनी माझ्या फायलीत लिहून घेतले, कारण फिट किती वेळ चालली यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. पाच मिनिटांपुढे गेली तर ती आपोआप थांबेल याची खात्री धरता येत नाही. तिथे १०८ ला फोन करायचा असतो, आणि नेमकी तीच मिनिटं चप्पल शोधण्यात जातात.

दुसरंही एक नुकसान आहे. माझी पहिली मोठी फिट शाळेच्या प्रार्थनेला आली. शुद्धीवर येताना सगळ्यात आधी जाणवला तो नाकाशी धरलेल्या चामड्याचा वास, आणि मग भोवतीने उभ्या वर्गातल्या मुली. फिट मला आठवतही नाही, अशी मोठी फिट सहसा कुणालाच आठवत नाही. तो वास मात्र पुढची दोन वर्षं प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं की येत राहिला.

किल्ली-लोखंडाचं तर थोडक्यातच सांगता येईल. मूठ आवळलेली असते, किल्लीचं टोक तळव्यात रुततं, बस्स. पण चप्पल आणि लोखंड इथे आलं कुठून? ही दोन्ही बाधा उतरवायची साधनं. फिट म्हणजे 'बाहेरचं' असं मानलं जायचं, अजूनही अनेक घरांत मानलं जातं, आणि भुताला पळवायला जे लागतं तेच रुग्णाच्या नाकाशी आलं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. या गोष्टी फिट येणाऱ्या माणसांच्या वाट्याला किती आल्या असतील, याचा विचार करून बघा.

आणि 'आपली जुनी परंपरा' म्हणून कुणी याची पाठराखण करत असेल, तर चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर, म्हणजे याच फिटच्या आजारावर, स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार म्हणजे स्मृती निघून जाणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनीही याला निदान आणि चिकित्सा असलेला आजार म्हणूनच हाताळलं.

'तोंडात चमचा घाला, हातपाय दाबून धरा'

माझा वरचा एक दात अर्धा आहे. एसटी स्टँडवर एका भल्या गृहस्थांनी स्टीलचा चमचा घातला होता, त्याची ती खूण. मनापासून मदत करत होते ते, त्यांचंही बोट चावलं गेलं असं नंतर कळलं.

जीभ गिळली जात नाही. ती तोंडाच्या तळाशी पक्की असते. चावली जाते, हे खरं; कडेने रक्त येतं, आठवडाभर आमटी झोंबते, पण जीभ भरून येते. दात परत येत नाही. आणि तुटलेला दात किंवा चमच्याचं टोक श्वासनलिकेकडे सरकलं तर मग खरंच जीवाशी गाठ. हातपाय दाबून धरण्याचंही तसंच. झटके स्नायूंच्या ताकदीने येतात. तुम्ही बाहेरून जोर लावलात तर फिट थांबत नाही, खांदा निखळतो.

मग करायचं काय? मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर एवढं पाठवा. वेळ बघा. डोक्याखाली ओढणी, पिशवी, काहीही मऊ सरकवा. चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सैल करा, टेबल-खुर्ची दूर करा. गर्दी हटवा. झटके ओसरले की माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. तो पुरता भानावर येईपर्यंत शेजारी थांबा आणि साध्या शब्दांत सांगत राहा, 'तुम्हाला फिट आली होती, आता ठीक आहे.' फिट पाच मिनिटांहून लांबली, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, मार लागला, पाण्यात असताना आली, बाई गरोदर असेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर दवाखाना गाठायचा. काही घरांत डॉक्टरांनी मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलेला असतो. नाकाशी काही न्यायचंच असेल तर ते हे, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच.

पाणी पाजणं: पूर्ण शुद्ध येईपर्यंत एक थेंबही नाही. गिळण्यावर ताबा नसतो, पाणी फुप्फुसात जातं.

'मेंदूचा कमकुवतपणा, घरीच बसावे'

जन्माच्या वेळी बाळ गुदमरणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, काहींमध्ये आनुवंशिक कारणं, आपल्याकडे मेंदूत जाऊन बसलेली पट्टकृमीची (चपट्या जंताची) अळी, अशी यामागे कितीतरी कारणं असतात. (ही अळी डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच होते असं नाही. या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातूनही पोटात जातात; शुद्ध शाकाहारी घरांतही रुग्ण असतात.) अनेकांमध्ये, माझ्यासारख्यांमध्ये, कारण सापडतच नाही. बुद्धीचं मोजमाप यात कुठेच नाही.

फिट नेहमी पडून, फेस येऊनच येते असंही नाही. वर्गात एखादं मूल दिवसातून अनेकदा काही सेकंद टक लावून बघत राहतं, हाक मारली तर ऐकू येत नाही, मग पुन्हा लिहू लागतं. त्याला 'लक्ष नाही' म्हणून पट्टी बसते. तीही फिट असू शकते. कुणी नुसतंच शर्टाचं बटण चाळवत राहतं, ओठ चाटत राहतं आणि विचारलं तर काही आठवत नाही. तीही.

घरी बसण्याबद्दल. मी न्हाणीघराला आतून कडी लावत नाही, बाहेर 'आत आहे' अशी पाटी अडकवते. गॅसवर उकळतं पातेलं मागच्या शेगडीवर ठेवते. विहिरीवर, नदीवर एकटी जात नाही. गाडी चालवत नाही. लायसन्सच्या अर्जातच अपस्माराबद्दल विचारलेलं असतं आणि तिथे मी खोटं लिहिणार नाही. एसटीने येते-जाते. माझ्या काउंटरच्या खणात आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, त्यावर वर सांगितलेलंच सगळं लिहिलंय, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या सहकाऱ्यांना तो पाठ आहे. ही एवढी व्यवस्था केली की बाईला नोकरी करता येते.

घरी बसवलं की काय होतं, तेही मला ठाऊक आहे. बारावीनंतर मला दीड वर्ष घरी बसवलं होतं. फिटची भीती होतीच, तिच्यात दिवसच्या दिवस कुणाशी न बोलण्याची भर पडली. झोप येईना, आणि जगावंसं वाटेना. अपस्मार असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्यातलं काही आजारातून येतं, काही औषधांतून, आणि पुष्कळसं अशा घरी बसवण्यातून. त्यावरही उपचार आहेत आणि मी ते घेतले. फिटची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मनाबद्दलही मोकळेपणाने सांगायला हवं.

'लग्न जमवताना सांगू नका, लग्नानंतर आपोआप जातो'

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

फिट कशाने येते ते आधी बघा. गोळी चुकणं, झोप न होणं, उपास, ताप, दगदग, ताण. आता आपल्याकडचा लग्नाचा आठवडा आठवा. मेंदीची रात्र, हळदीची पहाट, नवरीचा उपास, दिवसभराच्या विधी, वरातीचा प्रवास, अनोळखी घर. त्यात गोळ्या सासरी दिसू नयेत म्हणून पर्समध्ये, डाळीच्या डब्यात, कुठेतरी लपवलेल्या. घेणार कधी? माझ्या नात्यातल्या एका मुलीला सत्यनारायणाच्या पूजेला, सगळ्या सासरच्यांसमोर फिट आली. चार दिवसांच्या आठ गोळ्या चुकल्या होत्या. आजार लग्नाने जात नाही. तो लपवून केलेल्या लग्नात उलट उफाळतो.

१९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचं नाव होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२३ मध्ये, अपस्मार हा ना असाध्य आजार ना मानसिक विकार, त्या कारणाने घटस्फोट मागता येत नाही, असं म्हटलं. कायदा तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. लपवाछपवी केली तर मात्र 'फसवणूक झाली' म्हणायला तुम्हीच जागा करून देता.

माझे वडीलही 'सांगू नको' म्हणत होते. मी पाहण्याच्या कार्यक्रमातच सांगायचे. तीन ठिकाणांहून निरोप आला नाही. चौथ्या वेळी समोरच्या मुलाने विचारलं, 'मग तेव्हा मी काय करायचं असतं?' त्याच्याशी माझं लग्न झालं.

मुलांबद्दलही विचारतात. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात. पण तयारी आधीपासून लागते. सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या फिटवरच्या काही औषधांनी गर्भात व्यंग येण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टर औषध बदलतात, फोलिक ॲसिड सुरू करतात. जिने आजारच लपवला आहे ती हे कुणाला आणि कधी विचारणार?

'गोळ्या बंद करून काढा घ्या'

गोळ्यांचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. फेनिटॉइनने माझ्या हिरड्या सुजल्या होत्या. एका औषधाने वजन वाढलं, एकाने इतकी चिडचिड व्हायची की घरातले मला भिऊन असायचे. प्रत्येक वेळी डॉक्टरांना सांगितलं आणि औषध बदललं. त्रास झाला तर मार्ग हा आहे.

'आयुष्यभर गुलाम' हेही सरसकट खरं नाही. अनेकांमध्ये दोन-तीन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर तपासून, महिनोन्‌महिने डोस उतरवत गोळ्या थांबवतात. काहींना कायम घ्याव्या लागतात, मला लागतात, जशा कुणाला रक्तदाबाच्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान-उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. फेनोबार्बिटोन ही फिटवरची गोळी १९१२ पासून वापरात आहे आणि आजही स्वस्त औषधांपैकी आहे.

काढ्यात काय आहे यावर मी वाद घालणार नाही. या ओळीतला धोका 'काढा घ्या' यात कमी आणि 'गोळ्या बंद करून' यात जास्त आहे. गोळ्या एकाएकी थांबल्या की एकामागोमाग एक, मध्ये शुद्धीवर न येता फिट येत राहू शकतात. त्यात माणसं दगावतात.

हा मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून किती दिवस आणि किती गोळ्या चुकल्या ते खरं सांगा. राहिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम घेऊ नका. डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत एकटे झोपू नका, आणि शेजारी झोपणाऱ्याला घड्याळ कुठे आहे ते दाखवून ठेवा.