पगार

म्हापशाजवळच्या आमच्या मठात स्वयंपाकाला येणारी मावशी दोडामार्गची. सकाळच्या बसने येते आणि येताना दोन गावांच्या बातम्या आणते. मी आफ्रिकेतल्या मोझांबिकहून तीन महिन्यांच्या सुटीवर आलेय हे कळल्यापासून तिने माझी उलटतपासणी चालवलीय. तिसऱ्या दिवशी नारळ खवता खवता तिने मुद्द्यालाच हात घातला.

"सिस्टर, तुमका थंय पगार किती?"

"पगार नसतो गं मावशी. सेवेला जातो आम्ही."

"फॉरेनाक जावन फुकट?" खवणी थांबली. शिकल्यासवरलेल्या बाईला कोणीतरी फसवलंय आणि तिला अजून पत्ता नाही, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली.

आता पगार या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. आपण पगार घेतो. हा शब्द आपल्याला दिला पोर्तुगिजांनी, आणि त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणं. मोझांबिकमध्येही तीच भाषा चालते. तिथल्या पहिल्या आठवड्यात मी बाजारात साबण घ्यायला गेले, तर दुकानदार हात पुढे करून "पगार, पगार" म्हणायला लागला. मला वाटलं, बिचाऱ्याचा पगार थकलाय. मी सहानुभूतीने मान हलवली, त्याच्या हातावर थोपटलं, "होईल, होईल" असं मराठीत म्हणाले आणि साबण घेऊन निघाले. परदेशातल्या माझ्या सेवाकार्याची सुरुवात ही अशी चोरीने झाली.

मी मूळची श्रीरामपूरची. मोझांबिकला जायचं ठरलं तेव्हा आईने नकाशा उघडून बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं, समोरच तर आहे. मध्ये नुसता समुद्र." आमच्या मोठ्या सिस्टरचा युक्तिवाद त्याहून भारी. १७५२पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा, तेव्हा तुला परकं वाटायचं कारण नाही! अडीचशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कचेरीच्या भरवशावर मला पाठवण्यात आलं.

त्याआधी पोर्तुगीज शिकायला सहा महिने गोव्यात. शिकवायला मडगावच्या एक वयोवृद्ध बाई होत्या. १९६१ साली पोर्तुगीज गेले, पण त्यांचं व्याकरण या बाईंच्या दिवाणखान्यात राहून गेलं होतं. मी चुकले की त्या पंखा मिटून मेजावर आपटायच्या. आणि मोठ्या सिस्टर वरून टॉमस स्टीफन्सचं उदाहरण द्यायच्या. तो इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं मराठी पुराण छापून आलं, दहा हजारांवर ओव्या! "आणि तुला साधी क्रियापदं जमत नाहीत?" मी मनातल्या मनात वजाबाकी केली. सदतीस वर्षं. मला सहा महिने. पण मठात वजाबाकी मोठ्याने करत नाहीत.

बाईंनी मला जी पोर्तुगीज शिकवली ती दरबारी होती, हे तिथे गेल्यावर कळलं. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, तेही आलं तर. बाकी दिवस विहीर. विहिरीवर सात-आठ वर्षांचा एक पोरगा उघडाबंब उभा होता. त्याला मी म्हणाले, "महाशय, आपली कृपा झाल्यास ही बादली उचलण्याचा अनुग्रह व्हावा." पोरगा पळाला. पाच मिनिटांनी अख्खी वाडी घेऊन परत आला आणि मला म्हणाला, पुन्हा म्हणा.

मला वाचवलं ते मराठीने. बादली तिथे 'बाल्द', चावी 'शाव', घमेलं 'गामेला'. पाव, बटाटा, अननस, पपई, काजू तर जवळजवळ जसेच्या तसे. एवढ्या भांडवलावर माणूस खाऊ शकतो, आंघोळ करू शकतो आणि दाराला कुलूप घालू शकतो. 'तुरुंग'सुद्धा त्यांच्याकडूनच आलाय म्हणतात, पण साबणाच्या प्रकरणानंतर मी तो शब्द वापरून बघितला नाही.

पण ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर विश्वास टाकू नये. बँकेच्या दारावर लिहिलेलं असतं ते वाचताना ऐकू येतं 'पुश'. मी ढकललं. दार हलेना. खांदा लावून ढकललं. आतले लोक काचेतून बघत होते, रखवालदारही बघत होता. पोर्तुगीज 'पुश' म्हणजे ओढा.

त्याहून वाईट गत सर्दीने केली. एका रविवारी मी शिंकत होते. आमच्या वाडीचे धर्मशिक्षक फार मायाळू गृहस्थ. त्यांनी भर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, उभं राहून जाहीर केलं, "आपली सिस्टर कॉन्स्टिपादा आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या." मला इंग्रजी येतं, हा माझा दोष. चारशे माणसं डोळे मिटून, हात वर करून माझ्या बद्धकोष्ठासाठी देवाला साकडं घालतायत, हे दृश्य मी जमिनीत डोळे रुतवून सोसलं. मिस्सेनंतर एका आजीने पाठीवरून हात फिरवला, दुसरीने कसला तरी पाला आणून दिला. त्या शब्दाचा अर्थ नुसती सर्दी, हे मला मंगळवारी कळलं. पाला मी सोमवारीच खाल्ला होता.

आणि एवढं करून पोर्तुगीजचा उपयोग किती? त्या आज्या माखुवा बोलतात. शाळेत गेलेली पोरं पोर्तुगीज बोलतात, म्हणून मी पोरांशी बोलते आणि पोरं आज्यांना सांगतात. पोरं काय सांगतात यावर माझा ताबा नाही. एकदा मी पाणी उकळून प्यायचं महत्त्व अर्धा तास समजावलं. पोराने ते चार शब्दांत सांगितलं आणि आज्या पोट धरून हसल्या. आजतागायत मला त्या चार शब्दांचा शोध लागलेला नाही.

हिवतापाचं मात्र कौतुक नको. येतो, हाडं मोडतो, तीन दिवसांत चोवीस गोळ्या खाऊन जातो, पुन्हा येतो. गोव्यातल्या बॉम जीझस चर्चमध्ये ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्याला पोचले, त्याआधी वाऱ्याची वाट बघत सहा महिने मोझांबिकच्या बेटावर अडकले होते आणि तिथे चांगले आजारी पडले होते. त्या काळी उपचार म्हणजे शीर तोडून रक्त काढायचं. चोविसाव्या गोळीला मी त्यांची आठवण काढते आणि मुकाट्याने गिळते.

मावशीला यातलं काही चालेना. "मगे खातास काय?"

इथे माझी कळी खुलली. तिकडे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड असते, 'शीमा'. हाताने गोळा मोडायचा आणि कालवणात बुडवायचा. कालवण म्हणजे मातापा, कसाव्याचा पाला कुटून शिजवलेला, आणि त्यात नारळाचं दूध आणि शेंगदाण्याचा कूट! नगर जिल्ह्यातल्या बाईला पृथ्वीच्या त्या टोकाला पानात दाण्याचा कूट दिसावा! पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला रडू आलं. वाढणारीला वाटलं तिखट लागलं, तिने आणखी वाढलं.

आणि कोंबड्या. तिथली मिस्सा तीन तास चालते, अर्पणाला लोक नाचत येतात आणि डोक्यावरच्या टोपलीतून जिवंत कोंबडी आणतात. एकदा ती सुटली. फादर पुढे, कोंबडी मागे, पुन्हा कोंबडी पुढे. गायन एका सुराचंही चुकलं नाही. ज्या बाईने ती आणली तिच्या घरी चार पोरं, आणि कोंबड्या दोनच. मी नको म्हणाले तर ती रागावली. पोराने भाषांतर केलं, "ती म्हणते, तू पाहुणी आहेस, गप्प घे." सहा वर्षं झाली, मी अजून पाहुणीच आहे आणि अजून घेतेच आहे. काय दिलं, असं कोणी विचारलं तर मला साबणाचे पैसे आठवतात. ते मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले होते, बरं का. दुकानदाराने माझ्या हातावर थोपटलं आणि काहीतरी म्हणाला. बहुतेक "होईल, होईल"च असावं.

हे सगळं मावशीने ऐकून घेतलं. आवडलं ते फक्त साबणाचं. दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे थंय पगार आपणच देवचो?" हे ती दिवसभर भांड्यांशी बोलत होती.

काल एक तारीख. मोठ्या सिस्टर सकाळीच पणजीला गेलेल्या. दुपारी निघायच्या वेळी मावशी पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"सिस्टर, पगार."

"मावशी, मला नसतो गं."

"तुमचो न्हय. माझो. थंयच्या भाषेत."

मी कपाटाची चावी शोधायला लागले. देवघरात नाही, ओट्यावर नाही, मोठ्या सिस्टरच्या मेजावर नाही. मावशीच्या बसची वेळ होत आलेली. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "होईल गं, होईल."

मावशीने शांतपणे मोरीकडे पाहिलं. "मगे साबण घेवन जांव?"