जुना आयपॉड कशामुळे वाचला

माझा 30 जीबीचा व्हिडिओ आयपॉड, 2005 साली आलेलं मॉडेल, पुन्हा गायला लागलाय. ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या कट्ट्यावर त्याचं बरंच कौतुक झालं. 'इंजिनियर' अशी पदवीही मिळाली. पण खरं श्रेय माझ्या हातांचं कमी आणि आतल्या एका चपट्या सॉकेटचं जास्त आहे. तेवढ्यासाठी ही लांबलचक पोस्ट.

दुखणं नेहमीचंच. चालू केला की आतून टकटक आवाज आणि स्क्रीनवर रडका चेहरा. आत 1.8 इंची हार्ड डिस्क असते, मिनिटाला 4200 फेरे मारणारी. इतक्या वर्षांनी ती दमली तर दोष कुणाला द्यायचा? बॅटरीही चार गाण्यांत मान टाकत होती. स्टेशनजवळच्या दुकानातल्या पोराने हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "काका, म्युझियममध्ये द्या." मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका गाळ्यातल्या माणसाने मात्र उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "बन जायेगा बॉस, पार्ट तुम लाओ."

पार्ट मिळाला, आणि मुद्दा तोच आहे. 2001 साली पहिला आयपॉड आला तेव्हा ॲपलने त्यातलं सगळं स्वतः घडवलं नव्हतं. डिस्क तोशिबाची, मुख्य चिप पोर्टलप्लेयरची, आवाजाची चिप वुल्फसनची. माझ्या मॉडेलपर्यंत हाच शिरस्ता होता. माझ्यात डिस्क जोडायला 40 पिनांचं झिफ सॉकेट, म्हणजे चपटी रिबन-पट्टी जोर न लावता सरकवून बसवायची खाच, आणि डिस्कशी बोलायची भाषा साधी, त्या काळच्या कॉम्प्युटरना कळणारी एटीए. त्यामुळे पुढे कुणीतरी एक छोटा बोर्ड बनवू शकलं. त्याच्या एका बाजूला तीच पट्टी लागते, दुसऱ्या बाजूला एसडी मेमरी कार्ड बसतं. आयपॉडला वाटतं डिस्कच आहे. कंपनीने दुरुस्तीचा विचार केला होता असं अजिबात नाही. बाजारातला सुटा भाग वापरला, म्हणून वीस वर्षांनी बाजारातलाच सुटा भाग बसला.

उघडणं मात्र वैतागाचं काम. बाहेरून एकही स्क्रू नाही, मागचं स्टीलचं झाकण खाचांमध्ये अडकवलेलं. गिटारची पिक किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर घातला की कड वाकलीच म्हणून समजा. झाकण सुटलं की झटक्याने ओढू नका. बॅटरी आणि हेडफोन जॅक दोन्ही झाकणाकडे असतात आणि त्यांच्या कागदासारख्या पातळ रिबन आतल्या बोर्डाला जोडलेल्या. आधी लॅच, म्हणजे रिबन धरून ठेवणारी छोटी कडी, उचलायचं, मग रिबन काढायची. कार्ड डिस्कपेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे उरलेल्या जागेत मूळपेक्षा मोठी बॅटरी मावते. वजन कमी, फिरणारं काही नाही, टकटकही नाही. कार्ड विकत घेताना मात्र सावध राहा. नकली कार्ड कॉम्प्युटरला भलतीच क्षमता सांगतं आणि भरत आलं की जुनी गाणी गिळतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं साधन कार्ड पूर्ण लिहून-वाचून तपासतं, बसवण्याआधी ते चालवा. मग आयट्यून्समधून रिस्टोअर, म्हणजे आयपॉडचं सॉफ्टवेअर नव्याने चढवायचं. फ्लॅक फाइली, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली गाणी, वाजवायच्या असतील तर ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी रॉकबॉक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका.

पैसे वाचले का? नाही हो. बोर्ड, कार्ड, बॅटरी, कुरिअर धरून त्यात साधा नवीन प्लेयर आला असता. पण बाबांनी रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेली नाट्यपदं कुठल्याही ॲपवर नाहीत, आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ती ऐकताना मध्येच कुणाच्या गुड मॉर्निंगचा टिंग नको असतो.

आयपॉड म्हणजे दुरुस्तीचा आदर्श, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. आयपॉडच्याच नॅनो मॉडेलची बॅटरी बोर्डाला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली. 2007 च्या क्लासिकचं धातूचं झाकण उघडताना भल्याभल्यांकडून वाकतं. आणि आजचे कानातले इवलेसे बड्स तर उघडायचे म्हणजे चिकटवलेलं कवच फोडायचंच. बॅटरी गेली की जोडी गेली.

आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण माहितीपुस्तिका आणि सेवा केंद्रांचे पत्ते देऊन भागत नाही, सुटा भाग गाळ्यातल्या माणसाला विकत मिळाला पाहिजे. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडले तर, वस्तूतली बॅटरी ग्राहकाला स्वतः साध्या हत्यारांनी बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. असला नियम आपल्याकडे यावा, आणि त्यात सॉकेटचाही उल्लेख असावा. बॅटरी बदलता आली पण स्टोरेज डाग देऊन बसवलेलं असलं, तर अर्धीच दुरुस्ती.

कुणाच्या ड्रॉवरमध्ये जुना आयपॉड पडला असेल तर लगेच पार्ट मागवू नका. मेन्यू आणि मधलं बटण दाबून धरा, लोगो आला की सोडून लगेच मधलं आणि मागे जायचं बटण दाबा. तपासणीचा मेन्यू उघडतो, त्यात डिस्कची तब्येत दिसते. ती ठणठणीत असेल तर नुसत्या बॅटरीवर काम होतं. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर टोचू नका, सुक्या कचऱ्यातही टाकू नका. अडलात तर मेसेज करा, पिक माझ्याकडे आहे.